जोडकार्डावरचा प्रश्न

प्रश्नांची वर्गवारी करणे हे माझे आवडते काम होते, आणि ते मी नीट करते असा शाळेत माझा लौकिकही होता. नववी-दहावीला नागरिकशास्त्र शिकवताना मी वर्गात एक पत्र्याचा डबा ठेवीत असे. न समजलेली गोष्ट मुलींनी चिठ्ठीवर लिहून त्यात टाकायची. शुक्रवारी मी डबा उघडीत असे, सारख्या चिठ्ठ्या एकत्र लावीत असे, चार-पाच चिठ्ठ्यांचा मिळून एक नेटका प्रश्न बनवून तो फळ्यावर लिहीत असे आणि त्याचे उत्तर देत असे. त्यामुळे वेळ वाचे, आणि चिठ्ठी कोणाची हे कळत नसल्याने लाजऱ्या मुलीही विचारीत. ह्या पद्धतीत काही उणे असेल असे मला पंधरा वर्षांत वाटले नाही. ते माझ्या ध्यानात आणून दिले आमच्या शाळेची पुस्तके बांधणाऱ्या गृहस्थांनी, आणि निमित्त झाले ऐंशीच्या दशकाच्या अखेरच्या लोकसभा निवडणुकीचे.

शाळा विश्रांतवाडीला, आळंदी रस्त्यापासून थोडी आत. हे गृहस्थ शाळेच्या मागच्या गल्लीत राहत. त्यांच्या घराण्यात बांधणीचा धंदा तीन पिढ्यांचा. आधी दुकान शहरात होते. पुढे जागा सुटली तेव्हा त्यांनी घराच्या पुढच्या खोलीतच पुस्तके दाबायचे यंत्र आणि कात्री मांडली. सगळी शाळा त्यांना चाचा म्हणत असे, मीही म्हणे. दिवाळीच्या सुट्टीत ते आमच्या व्हरांड्यात बसून वाचनालयाची फाटकी पुस्तके दुरुस्त करीत, आणि मे महिन्यात हजेरीपत्रके व दाखल्यांची रजिस्टरे बांधीत. काम करताना ते फारसे बोलत नसत, पण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मात्र नेमके देत. मला त्यांच्याजवळ बसायला आवडे, त्याचे हे एक कारण होते.

त्यांचा एकुलता मुलगा फौजेत हवालदार होता, सुरुंग शोधून निकामी करणाऱ्या तुकडीत. निवडणुकीच्या दोन वर्षे आधी त्याची तुकडी श्रीलंकेला गेली. शांतता राखायला आपले सैन्य तिथे गेले होते, एवढे आम्हां सर्वांना ठाऊक होते. पण थोड्याच महिन्यांत, ज्यांच्या रक्षणासाठी ते गेले त्यांच्यातल्याच एका सशस्त्र गटाशी त्याची लढाई जुंपली, आणि तेव्हापासून ही गोष्ट समजावून सांगणे अवघड होऊन बसले. एका शुक्रवारी डब्यात चिठ्ठी निघाली : ‘बाई, आपण नक्की कुणाशी लढतोय?’ मी तिच्यावर दुसरीच एक चिठ्ठी ठेवून दोन्हींचा मिळून ‘शेजारी राष्ट्रांशी भारताचे संबंध’ असा प्रश्न केला आणि पाठ्यपुस्तकातले उत्तर दिले. ते उत्तर अचूक होते. त्या मुलीने पुन्हा विचारले नाही, म्हणून तिचे समाधान झाले असे मी धरून चालले.

निवडणुकीच्या वर्षी पावसाळ्यात काही तुकड्या परत येऊ लागल्याचे वर्तमानपत्रात छापून आले. चाचांच्या सुनेने नवऱ्याच्या पत्रांचा गठ्ठा काढून त्याच्या तुकडीचे काही लिहिले आहे का ते पुन्हा पाहिले. काही नव्हते. चाचा मला म्हणाले, “रस्ते साफ करणारे आधी कसे येतील? बाकीचे त्याच रस्त्यानं बंदरावर जाणार. माझा शेवटी येणार.” मग म्हणाले, “शेवट कधी, ते मात्र कुणी छापत नाही.”

निवडणूक जाहीर झाली तेव्हा ते दिवाळीच्या कामासाठी व्हरांड्यात बसले होते. खळीचे पातेले शेजारी, मांडीवर एक जाड शब्दकोश, हातात दाभण. ते वर न पाहताच म्हणाले, “बाई, ह्या खेपेला मी मत द्यायला जाणार नाही.”

पहिल्या निवडणुकीपासून त्यांनी एकदाही मतदान चुकवलेले नव्हते. मी शिक्षिकेला साजेसे उत्तर दिले. “चाचा, मत न देणं हेही एक मतच असतं. पण ते कुणाला मोजता येत नाही.”

“दिलेलं मोजतात,” ते म्हणाले, “पण वाचतं का कुणी?”

“मतपत्रिकेवर लिहायला जागाच नसते.”

“तेच म्हणतोय मी.” त्यांनी दोरा दातांनी तोडला. “मला एकच विचारायचंय. उत्तर मिळालं तर जाईन.”

योगायोग असा, की त्याच आठवड्यात आमच्या भागातल्या वाचनालयाने सर्व उमेदवारांना एका व्यासपीठावर बोलवायचे ठरवले. मतदानाचे वय नुकतेच अठरावर आले होते. नव्या मतदारांनी उमेदवार ऐकावेत हा हेतू. पुण्यातल्या व्याख्यानांची रीत अशी, की श्रोत्याने उभे राहून बोलायचे नाही. प्रश्न चिठ्ठीवर लिहून पुढे पाठवायचा. वाचनालयाचे कार्यवाह माझ्याकडे आले. “चिठ्ठ्या तुम्ही पाहाव्यात. तुमच्याइतकं नीटनेटकं कुणी करणार नाही.” हे खरेच होते, म्हणून मी लगेच होकार दिला. चाचांना मी आवर्जून सांगितले, की प्रश्न लिहून आणा, उत्तर तिथेच मिळेल.

सभेला सभागृह भरले, मागे लोक उभे होते. चार उमेदवार आले. त्यांचे पक्ष मी मुद्दामच सांगत नाही. बसले होते त्या क्रमाने त्यांना पहिला, दुसरा, तिसरा, चौथा म्हणते. तिसरे अपक्ष होते, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, आणि त्यांच्या खुर्चीमागे एकही कार्यकर्ता नव्हता. माझ्यासमोर टेबलावर चिठ्ठ्यांचा ढीग, एक पितळी घंटी आणि टिपणवही. मी गट पाडले : पाणी, रस्ते, कचरा, रोजगार, युद्ध. युद्धाच्या सात चिठ्ठ्या होत्या. चाचांची चिठ्ठी त्यांत मला दिसली. अक्षर ओळखीचे होते. सातही वाचून मी असा प्रश्न तयार केला : ‘शेजारी देशात पाठवलेल्या आपल्या सैन्याबाबत आपली भूमिका काय, आणि ह्या प्रश्नाची सोडवणूक आपण कशी कराल?’ लिहून झाल्यावर मला समाधान वाटले. सातांपैकी एकही चिठ्ठी त्याच्या बाहेर राहत नव्हती.

प्रत्येकाला तीन मिनिटे होती. पहिल्या उमेदवारांनी जवानांच्या शौर्याला वंदन केले आणि वंदनातच त्यांची तीन मिनिटे संपली. दुसऱ्यांनी करार, उपकरार आणि त्यांची पार्श्वभूमी सांगितली, घंटी वाजवूनही ते थांबेनात, तेव्हा मागून कोणी तरी म्हणाले, “बाई, जोरात वाजवा, साहेब अजून मागच्या शतकात आहेत.” तिसरे उभे राहिले आणि म्हणाले, “ह्या विषयाचा माझा अभ्यास नाही. अभ्यास करून सांगेन,” आणि बसले. लोक हसले. मागचाच आवाज पुन्हा आला, “निकालापर्यंत होईल ना अभ्यास?” चौथ्यांचे भाषण सर्वांत प्रभावी झाले. टेबलावर हात आपटून ते म्हणाले, “आपला एकही जवान तिथे एक दिवसही राहता कामा नये.” टाळ्या बराच वेळ चालल्या. मी चाचांकडे पाहिले. ते टाळ्या वाजवत नव्हते.

दुसऱ्या दिवशी ते शब्दकोश घेऊन शाळेत आले. तो त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “बाई, माझी चिठ्ठी तुम्ही वाचलीच नाही.”

“असं कसं, चाचा? युद्धाच्या प्रश्नात तीच तर होती.”

सभेच्या सगळ्या चिठ्ठ्या मी पाकिटात जपून ठेवल्या होत्या. मी त्यांची चिठ्ठी काढून दिली. त्यांनी ती माझ्याकडेच वळवली. “वाचा आता.”

मी मोठ्याने वाचली. ‘माझा एकुलता मुलगा तिकडे सुरुंग काढतो. तुम्ही निवडून आलात तर दिल्लीत उभे राहून, त्यांना परत आणा, असे बोलणार का? हो किंवा नाही एवढेच सांगा. महिना सांगितला तर बरे.’

“ह्यात भूमिका कुठंय?” चाचांनी विचारले.

मी म्हटले, की एकाच विषयाच्या सात चिठ्ठ्या होत्या, वेळ थोडा होता, म्हणून एकत्र केल्या.

“सात पुस्तकं एकाच मापाची असली म्हणून मी ती एका पुठ्ठ्यात घालत नाही,” ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. “ज्यानं जे मागितलं ते त्याला मिळायला नको? तुम्ही त्यांना भूमिका विचारलीत. भूमिका त्यांनी केली.”

ते गेल्यावर मी टिपणवही उघडली. मला राग आला नव्हता. खरे सांगायचे तर कुतूहल वाटत होते. चारही उत्तरे मी जवळजवळ शब्दशः उतरवून घेतली होती. चाचांच्या चिठ्ठीत तीन गोष्टी मागितल्या होत्या : तुम्ही बोलणार का, हो की नाही, कोणता महिना. मी पानावर तीन रकाने आखले आणि एकेक उत्तर तपासू लागले. पहिल्यांच्या उत्तरात तिन्ही रकाने रिकामे. दुसऱ्यांच्या उत्तरात दोन तारखा होत्या, पण दोन्ही होऊन गेलेल्या. चौथ्यांपाशी मी थांबले. त्यांच्या वाक्याला आम्ही सगळ्यांनी टाळ्या दिल्या होत्या. जवानाने तिथे राहू नये, हे त्यांनी सांगितले होते. त्याला आणण्यासाठी आपण स्वतः काय करणार, हे सांगितले नव्हते. त्यांचाही रकाना रिकामा ठेवावा लागला. त्यातल्या त्यात तिसऱ्यांचेच उत्तर असे होते, की त्यात ‘मी करीन’ असे काही तरी होते, जरी ते नुसता अभ्यास करण्याचे असले तरी.

मग मनात एक शंका आली, आणि ती मला अप्रिय होती. उत्तरे अशी पसरट आली, ती उमेदवारांच्या स्वभावामुळे की माझ्या प्रश्नामुळे? इतका ऐसपैस प्रश्न विचारल्यावर नेमके उत्तर आले असते तरच नवल. वर्गात मी मुलींना सांगते, की प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तेव्हा उमेदवार तेच ठेवायचे आणि प्रश्न बदलायचा, म्हणजे कळेल.

संध्याकाळी मी चार जोडकार्डे घेऊन चाचांच्या घरी गेले. हल्ली ती मिळत नाहीत, म्हणून सांगते : दोन पोस्टकार्डे एकमेकांना जोडलेली असत. एकावर आपण मजकूर लिहायचा, दुसऱ्यावर आपलाच पत्ता. मिळणाऱ्याने दुसरे कार्ड फाडून, त्यावर उत्तर लिहून पेटीत टाकायचे, एवढेच त्याचे काम.

चाचांनी कार्डे उलटसुलट पाहिली. “कोण उत्तर देणार, बाई?”

“तेच पाहायचंय.”

“तुम्ही लिहिणार?”

“नाही. तुम्ही. तुमच्याच शब्दांत.”

त्यांनी चिठ्ठीवरचा मजकूर जसाच्या तसा चार वेळा उतरवला. तिसऱ्या कार्डाच्या वेळी माझा हात शिवशिवू लागला. ‘बोलणार का’च्या जागी मला एक चांगला शब्द सुचला होता. त्यांच्या ते ध्यानात आले असावे, कारण त्यांनी कार्ड थोडे स्वतःकडे ओढून घेतले. शेवटी मी एवढेच विचारले, की सुरुवातीला ‘माननीय’ घालायचे का.

“ते घाला,” चाचा म्हणाले. “मान द्यायला माझी हरकत नाही.”

मतदानाला बारा दिवस होते. कार्डे पेटीत पडली आणि माझे वाट पाहणे सुरू झाले. मधल्या सुट्टीत मी व्हरांड्यातून मागच्या गल्लीकडे पाहत असे. चाचा मला हसत. “मुलगा माझा, आणि पोस्टमनची वाट तुम्ही बघताय.”

चौथ्या दिवशी पहिल्या उमेदवारांचे कार्ड आले नाही, पण त्यांची जीप आली. दोन कार्यकर्ते उतरले. मी तेव्हा चाचांच्या लहान नातीला पाढे शिकवत त्यांच्या ओट्यावर बसले होते. एकाच्या हातात चाचांचे जोडकार्ड होते.

“चाचा, साहेबांनी तुमची अडचण लिहून घेतलीय,” तो म्हणाला. “तुमच्या गल्लीत नळाचं काम करून देतो.”

“मी नळाचं नव्हतं विचारलं.”

“माहितीय की, वाचलंय आम्ही.” त्याने कार्ड दाखवले. “पण ते काम दिल्लीचं आहे. नळ आमच्या हातात आहे.”

मला त्याचे बोलणे मोठे प्रामाणिक वाटले. सभेपासून कोणी इतके स्पष्ट सांगितले नव्हते, की आपल्या हातात काय आहे आणि काय नाही. सून गल्लीच्या तोंडावरच्या सार्वजनिक नळावरून दोन कळशा घेऊन येत होती. तिने दारातच सगळे ऐकले.

“अब्बा, नळ घ्या,” ती म्हणाली. “पाण्याला पक्ष नसतो.” मग त्या कार्यकर्त्याकडे वळून, “आणि भाऊ, ते कार्ड ठेवून जा. त्याला जोडलेलं अर्धं कोरं आहे अजून.”

त्याने कार्ड ठेवले. कोरे अर्धे तसेच राहिले.

सहाव्या दिवशी दुसऱ्या उमेदवारांचे उत्तर आले. हस्ताक्षर सुंदर, कार्ड काठोकाठ भरलेले. चाचांच्या सुपुत्राच्या त्यागाबद्दल त्यांना नितांत आदर होता. प्रश्न अतिशय गुंतागुंतीचा होता. योग्य वेळी योग्य तो निर्णय घेतला जाईल ह्याबद्दल आपण निश्चिंत असावे. चाचांनी ते मला वाचायला लावले आणि विचारले, “हो आहे की नाही आहे?” मी दोनदा वाचले. दोन्ही नव्हते. म्हणजे माझ्या शंकेचे अर्धे उत्तर मिळाले : प्रश्न कितीही नेमका असला, तरी ज्याला पसरायचे तो पसरतोच.

दुसरे अर्धे मिळाले आठव्या दिवशी. अपक्षांचे कार्ड आले. त्यावर चारच वाक्ये होती. ‘हो. अभ्यास केला. महिना माझ्या हातात नाही, म्हणून खोटा सांगत नाही. मुलगा सुखरूप यावा.’ खाली पूर्ण सही.

चाचांनी ते कार्ड बराच वेळ हातात धरले, जसे ते एखाद्या पुस्तकाची शिवण पाहताना धरत. मग म्हणाले, “ह्याचं डिपॉझिट जाणार.”

“बहुतेक,” मी म्हटले.

“मग ह्याच्या होला करू काय, बाई? हा दिल्लीत जाणार नाही. जे जाणार, ते हो म्हणत नाहीत.”

नागरिकशास्त्राच्या पुस्तकात प्रातिनिधिक लोकशाहीचा एक धडा आहे, तो मी इतकी वर्षे शिकवत आले. त्यात ही अडचण कुठे आहे ते मी घरी जाऊन शोधले. नव्हती.

राहिले चौथे. ज्यांना टाळ्या पडल्या, त्यांचे कार्ड दहाव्या दिवसापर्यंत आले नाही. टपालात हरवले असेल, असा विचार करणे न्याय्य होते. म्हणून शाळा सुटल्यावर मी त्यांच्या प्रचार कार्यालयात गेले. एका गाळ्यात टेबल, चहाचे कप, आणि कोपऱ्यात वेताची करंडी भरून पत्रे. वरून तिसऱ्या-चौथ्या थरात एक जोडकार्ड दिसत होते, दोन्ही अर्धी अजून एकमेकांना चिकटलेली. अक्षर मी लांबूनच ओळखले. मी तिथल्या तरुणाला विचारले, की ही पत्रे कधी वाचली जातात.

“इलेक्शन झाल्यावर, बाई. आता सगळे बाहेर आहेत.”

“पण प्रश्न तर निवडणुकीसाठीच विचारलेत.”

“साहेब निवडून आले की सगळी उघडू.”

“आणि नाही आले तर?”

“मग कशाला उघडायची?”

हे मी चाचांना सांगावे की नाही, ह्याचा परतीच्या वाटेवर बराच विचार केला. शेवटी सांगितले, प्रयोगाचा निष्कर्ष लपवणे बरे नव्हे. ते चिडतील अशी माझी अपेक्षा होती. ते म्हणाले, “निदान फेकलं तरी नाही.” आणि कामाला लागले. मतदानाचे त्यांनी काहीच काढले नाही. मीही विचारले नाही. इतके सगळे करून त्यांना ज्या कारणासाठी घराबाहेर पडायचे नव्हते तेच कारण मी पुराव्यासकट त्यांच्या हातात दिले होते, असे मला वाटत राहिले.

मतदानाच्या दिवशी केंद्र आमच्याच शाळेत होते. मला त्या खेपेला निवडणुकीचे काम लागले नव्हते. बायकांच्या रांगेत मी चाचांच्या सुनेच्या मागे उभी होते. पुरुषांची रांग शेजारी. मी ती दोनदा शेवटपर्यंत पाहिली. चाचा त्यात नव्हते. सुनेला विचारायचे धैर्य होईना. ती आपणहून म्हणाली, “दाढी करत होते मी निघाले तेव्हा.”

अर्ध्या तासाने ते आले, इस्त्रीचा शर्ट घालून. त्यांचा नंबर लागला तेव्हा मी दाराशीच होते. तेव्हा कागदाची मतपत्रिका असे, आणि रबरी शिक्का मारून ती घडी करून पेटीत टाकावी लागे. चाचा पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेले आणि बाहेरच येईनात. रांगेत कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणाले, “आत निबंध लिहायचाय का?” शेवटी केंद्रावरचे अधिकारी म्हणाले, “आजोबा, झालं का?”

“झालं,” आतून आवाज आला. “शाई वाळतेय.”

“वाळू द्या पेटीत.”

“ओली घडी केली तर दुसऱ्याच्या नावावर उमटेल. मग तुम्हीच बाद करणार.”

अधिकारी माझ्याकडे पाहून हसले. मी हसले नाही. ओला कागद कसा मिटावा हे त्या माणसाला चाळीस वर्षे ठाऊक होते, आणि ते सारे ज्ञान तो त्या क्षणी एका शिक्क्यावर खर्च करीत होता. बाहेर आल्यावर त्यांनी घडी पेटीत हळूच सोडली.

त्यांनी मत कोणाला दिले, ते मला आजतागायत ठाऊक नाही. मतदान गुप्त असते, हे मी दर वर्षी मुलींना शिकवते, तेव्हा विचारणे शक्य नव्हते. पण जे कोणाला वाचायला मिळणार नव्हते, ते त्यांनी स्वच्छ लिहिले होते एवढे मी पाहिले.

अपक्षांचे डिपॉझिट गेले. निवडून कोण आले, ह्याला ह्या हकिकतीत महत्त्व नाही. दिल्लीत सरकार बदलले. सैन्य परत आणायचे आधीच ठरले होते असे जुन्या सरकारातले म्हणू लागले, आम्ही आणले असे नव्यातले म्हणू लागले, आणि त्या बेटावरच्या सरकारनेच जा म्हणून सांगितले असेही छापून आले. तिन्ही कात्रणे मी ठेवली आहेत. फेब्रुवारीत चाचांच्या गल्लीत नळ आला, चार घरांत मिळून एक. मार्चअखेरीस मुलगा आला.

मे महिन्यात बाप-लेक दोघे रजिस्टरे बांधायला शाळेत आले. मुलगा उंच, कमी बोलणारा. एक गोष्ट मी टिपली : फाटकापासून व्हरांड्यापर्यंत यायला मैदानातून जवळची पायवाट आहे, तो सिमेंटच्या रस्त्याने वळसा घालून आला. चाचाही त्याच्याबरोबर वळसा घालून आले.

चाचांनी आधीच त्याला कार्डांची गोष्ट सांगितलेली होती. नळाचे ऐकून तो फार हसला होता, असे ते म्हणाले. मी त्याला विचारले, की तिकडे तुम्हांला मत देता आले का.

“टपालानं मतपत्रिका आली, बाई. आम्ही आत होतो, जंगलात. बाहेर आलो तेव्हा मोजणी होऊन आठ दिवस झाले होते.”

“मग काय केलंस तिचं?”

“जपून ठेवली. माझ्या ट्रंकेत आहे.” तो बापाकडे पाहून म्हणाला, “अब्बांना दाखवली. म्हणाले, घडी चुकीची केलीयस.”

चाचांनी पिशवीतून एक वही काढून माझ्या टेबलावर ठेवली. ती मी मागितलेली नव्हती. पाठीला कापड, कोपऱ्यांना कापड, आणि शिवणीत दर दोन पानांच्या मध्ये कागदाच्या अरुंद पट्ट्या घातलेल्या. “चिठ्ठ्या चिकटवल्या की वही फुगते आणि पाठ फाटते,” ते म्हणाले. “ह्या पट्ट्या तेवढी जागा धरून ठेवतात. ही फुगणार नाही. एका पानावर एक चिठ्ठी. डब्यातल्या मुलींच्या.”

पहिल्या पानावर मी त्यांची सभेतली चिठ्ठी चिकटवायचे ठरवले. ती अजून पाकिटात होती. दुसऱ्या पानासाठी जुन्या डब्यातली ‘आपण नक्की कुणाशी लढतोय’ ही चिठ्ठी शोधली. ती सापडली नाही. फळ्यावर प्रश्न लिहिल्यावर मी वर्गातल्या चिठ्ठ्या टाकून देत असे.

मुलगा हे सगळे पाहत होता. तो म्हणाला, “बाई, मी एक टाकली तर चालेल?”

“तू काही माझ्या वर्गातला नाहीस,” मी म्हटले, आणि लगेच त्याला कागद दिला.

त्याने उभ्यानेच लिहिले, घडी न करता माझ्याकडे दिले. ‘आम्ही तिकडे कशासाठी गेलो होतो, ते कुणाला विचारायचं?’

माझ्या हातात पेन्सिल होती. हा प्रश्न कोणत्या गटात बसेल, हे सवयीने माझ्या मनात येऊन गेले. मग मी पेन्सिल खाली ठेवली, खळीचे बोट फिरवले आणि चिठ्ठी दुसऱ्या पानावर जशी होती तशी चिकटवली. खाली उत्तरासाठी बरीच जागा राहिली. मी वही मिटू लागले, तेव्हा चाचांनी हात मध्ये घातला.

“आत्ता मिटू नका,” ते म्हणाले. “ओली आहे. पुढच्या पानाला चिकटेल.”

म्हणून त्या दिवशी शाळा बंद करीपर्यंत ती वही माझ्या टेबलावर उघडीच होती.